गाडीची बोंब

ताई जाऊन दोन आठवडे झाले आणि तिची गाडी बोंबलायला लागली. दिवसातून कधीही, कोणी बोट न लावता. मांजर बाजूनं गेलं तरी, नाही गेलं तरी. आधी दोन बारीक कुई-कुई, मग एकदम भोंगा, वर-खाली, वर-खाली, चांगलं दीड मिनिट. मग जरा दम खायची आणि पुन्हा सुरू.

पहिले काही दिवस इमारतीतले लोक गप्प बसले. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराची बेल दाबून ‘तुमची गाडी ओरडतेय’ म्हणायला कोणाची जीभ रेटेना. पण सहनशक्तीलाही तळ असतो. पाचव्या आठवड्यात सेक्रेटरींनी फोन केला, तोही ताईच्या नवऱ्याला, भावजींना नाही, छोटीला.

छोटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. वय एकोणपन्नास, उंची ताईपेक्षा वीतभर जास्त, केस निम्मे पांढरे; पण घरात एकदा पडलेलं नाव माणसाला शेवटपर्यंत पुरतं. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती सकाळी सात ते एक लोकांचं रक्त काढायची. रोज चाळीस-पंचेचाळीस हात. दंडाला पट्टा बांधायचा, बोटानं शीर चाचपायची, ‘जरा टोचेल हं’ म्हणायचं आणि टोचायचं. बारीक शिरांची म्हातारी माणसं तिचंच नाव काढत यायची. ताई गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर झाली. बोटांना शिरा पूर्वीसारख्याच सापडत होत्या. ‘धीराची आहे हो,’ असं लोक म्हणत. धीर वगैरे काही नव्हता. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला नसल्यासारखा होतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. पाणी प्यायलं तर ओघळतंय की काय, हे बघावं लागावं तसं.

सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त भूगोलाचे मास्तर. माणूस भला होता. दवाखान्याच्या आवारात उभी राहिलेली ताईची गाडी त्यांनीच आणून जागेवर लावली होती.

“छोटीताई, राग मानू नका,” ते म्हणाले. “पण दुसऱ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. ते निजलं की हिचा भोंगा. तुमचे भावजी खिडकीतून रिमोट दाबतात, ती गप्प होते, अर्ध्या मिनिटात आपली आपण पुन्हा जागी होते. कोणीतरी बघायला हवं.”

“बघते,” छोटी म्हणाली.

भावजी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. खिडक्या बंद, टेबलावर कागदांचा ढीग, कानात कापसाचे बोळे. लाल पेन हातात होतं, पण वरच्या पानावर एकही खूण नव्हती.

“भावजी, गाडीचं काय करायचं?”

“हं,” ते म्हणाले.

“कोणाला दाखवू?”

“ताईचा एक माणूस होता,” त्यांनी कानातला बोळा काढला. “तिचा सगळ्यालाच एकेक माणूस असायचा. मला कधी कळलंच नाही, छोटी, की नळ गळायचा थांबतो तो कसा.”

“नाव काय त्याचं?”

“तिच्या फोनमध्ये असेल.”

ताईचा फोन कपाटाच्या खणात होता, दवाखान्यातून परत मिळालेल्या पिशवीतच. दोघांनीही कपाटाकडे पाहिलं आणि दोघंही दुसरीकडे बघायला लागली. ताई गेली त्या मंगळवारी सकाळी तिनं छोटीला फोन केला होता. छोटीच्या हातात मोजे होते, समोर एका आजोबांचा दंड आणि दंडात सुई. फोन ड्रॉवरमध्ये थरथरला आणि गप्प झाला. तासाभरानं ती उलट फोन लावत राहिली, आणि बाराव्या वेळी उचलला तो दवाखान्यातल्या बाईंनी.

“मी दुसरा कोणी बघते,” छोटी म्हणाली.

पहिला गाठला तो कोपऱ्यावरचा मेकॅनिक. गाडी त्याच्या दारात न्यायची सोय नव्हती. छोटीला गाडी येत नव्हती आणि भावजी तर आयुष्यभर ताईच्या शेजारच्या सीटवरच बसलेले. म्हणून तोच हात पुसत आला. बॉनेट उघडून त्यानं आत असं पाहिलं, की जणू त्याच्याच घरातलं काहीतरी हरवलंय.

“अहो, सोपं आहे. बॅटरीची वायरच काढून टाकतो. ना रहेगा बांस.”

त्यानं वायर काढली. त्याच क्षणी भोंगा सुरू झाला, आणि या वेळी दीड मिनिटानंही थांबेना. भोंग्याच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी होती. गाडीची बॅटरी कोणी चोरली तरी ओरडता यावं म्हणून कंपनीनं केलेली सोय. मेकॅनिकला ते ठाऊक नव्हतं. तो कधी या वायरीला हात लावी, कधी त्या. दुसऱ्या मजल्यावर बाळ रडायला लागलं. गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. वीस मिनिटं हा तमाशा चालला. छोटी गाडीशेजारी हातात पर्स धरून उभी होती. लाज वाटायला हवी, हे तिला कळत होतं. बसथांब्यावर उभं राहावं तशी ती उभी राहिली.

शेवटी त्यानं वायर जागच्या जागी लावली आणि गाडी थांबली.

“इंजिन सांगा, ब्रेक सांगा,” मेकॅनिक घाम पुसत म्हणाला. “हे वायरींचं खातं माझं नाही, ताई. जो तो आपल्या घरचा राजा.”

मग तिनं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात गाडीचा नंबर, साल, सगळं विचारून घेतलं. मग ती म्हणाली, “मॅम, हा अलार्म आमचा नाही. बाहेरून बसवलेला आहे. आम्ही त्याला हात लावत नाही.”

“मग कोण लावतं?”

“ज्यांनी बसवला ते, मॅम. आणखी काही मदत करू शकते?”

तिसरा सीट कव्हर, आरसे आणि सुगंधी कुप्या विकणारा दुकानदार. तो म्हणाला, जुना काढायचा, नवा टाकायचा, गाडी घेऊन या. छोटी म्हणाली, गाडी येणार नाही, तुम्ही या. तो म्हणाला, दुकान सोडून कसं येऊ? मग म्हणाला, ड्रायव्हर नाही का तुमच्याकडे?

“होता,” छोटी म्हणाली. ते चुकीचं उत्तर होतं. तिनं फोन ठेवून दिला.

असे आणखी तीन आठवडे गेले. एका रविवारी ती भावजींकडे भाजी-भात करून घेऊन गेली. जिना चढतानाच खालून भोंगा लागला. वर भावजी खिडकीत रिमोट धरून उभे. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण एक घर चुकलेलं. त्यांनी रिमोट दाबला, आवाज थांबला. ते तिथंच उभे राहिले, पुढचा आवाज यायची वाट बघत. छोटीला वाटलं, आपण काही बोललो नाही तर हे संध्याकाळपर्यंत असेच उभे राहतील.

“भावजी, जेवून घ्या,” ती म्हणाली. “मी फोन काढते.”

पिशवीत फोन, चष्मा, एक रुमाल आणि पार्किंगची चिठ्ठी होती. ताईनं गाडी नीट रेघेत लावली होती, चिठ्ठी घेतली होती, कुलूप केलं होतं आणि केसपेपरच्या रांगेतल्या बाकावर बसली होती. बसली ती बसलीच. फोन चार्जिंगला लावून छोटीनं भावजींना ताट वाढलं. दहा मिनिटांनी पडदा उजळला. उघडायचा आकडा भावजींना ठाऊक होता. आख्ख्या नात्यागोत्याला ठाऊक होता. ताई म्हणायची, माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय, वजन सोडून?

छोटीनं नावांची यादी उघडली. ताईनं माणसं आपल्या सोयीनं लिहून ठेवली होती. ‘नळ खोटारडा’. त्याखाली ‘नळ बरा’. ‘कुलूप देवमाणूस’. ‘शेगडी तोंडाळ पण येतो’. ‘पंखा, बायकोला फोन कर’. छोटीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. भावजींचा घास हातात राहिला. “पंखा, बायकोला फोन कर,” ते स्वतःशीच पुन्हा म्हणाले.

‘गाडी’खाली तीन नावं होती. ‘गाडी धुणारा’. ‘गाडी हवा’. आणि ‘गाडी बोंब, मोठ्यानं बोलणे’.

तिनं त्या नावावर बोट ठेवलं. खाली शेवटच्या फोनची नोंद उघडली. तोच मंगळवार. सकाळी नऊ एकतीस. सहा मिनिटं.

छोटीनं तारीख दोनदा वाचली. मग मागे जाऊन त्या दिवशीची यादी काढली. आलेल्या, न घेतलेल्या फोनांचा ढीग होता, त्यातले अकरा तिचेच. तो सगळा खाली सारत ती ताईनं स्वतः लावलेल्या शेवटच्या फोनपर्यंत पोचली. नऊ चव्वेचाळीस. कोणी उचलला नव्हता. नाव लिहिलं होतं, ‘छोटी, एक वाजल्यानंतर’.

एक वाजल्यानंतर. म्हणजे ताईला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती एक वाजायची वाट बघून फोन करायची आणि त्या दिवशी तिनं वाट बघितली नव्हती. छोटी त्या ओळीकडे बघत राहिली. आत काहीतरी हलेल असं वाटून ती क्षणभर थांबली. हललं नाही. भावजींनी पाणी मागितलं, तिनं दिलं.

मग ती गॅलरीत गेली आणि ताईच्याच फोनवरून तिनं नंबर लावला. स्वतःच्या फोनवरून लावावा हे तिच्या लक्षातच आलं नाही.

“हां, बोला मॅडम!” पलीकडून खणखणीत आवाज आला. “कुठं गायब झालात? त्या दिवशी बारा वाजता आलो, घराला हे एवढं कुलूप! माणसाला बोलावून असं करतात होय?”

“मी त्यांची बहीण बोलतेय.”

“काय? मोठ्यानं बोला!”

“मी त्यांची बहीण!”

“महिन्याचं काय?”

“बहीण! बहीण बोलतेय! ताई गेली!”

“कुठं गेल्या?”

छोटीनं गॅलरीचा कठडा धरला. समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. खाली मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. ही गोष्ट तिनं आजवर कोणाला सांगितलीच नव्हती. तिला लोकांनी सांगितली होती, मग ती पसरली होती, आणि भेटायला येणाऱ्याला ती आधीच माहीत असायची.

“वारली!” ती ओरडली. “माझी ताई वारली! त्याच दिवशी!”

समोरच्या बाईच्या हातातला चिमटा खाली पडला. मास्तरांनी पेपर खाली केला.

फोनवरचा माणूस म्हणाला, आणि या वेळी आवाज बराच खाली आला होता, “मी येतो. तासाभरात येतो.”

आला तो पाऊण तासातच. साठीचा, काटकुळा, स्कूटरवर पुढे पत्र्याची पेटी. डाव्या कानात मशीन. उजवा कान, तो म्हणाला, चाळीस वर्षं लोकांचे भोंगे तपासण्यात कामी आला. भावजी खाली आले नाहीत. छोटीनं चावी दिली.

त्यानं मेकॅनिकसारखं सगळीकडे डोकावलं नाही. आधी चारही दारं एकेक उघडून हळू लावली, मग डिकी, मग बॉनेट. प्रत्येक वेळी डॅशबोर्डावरच्या लाल ठिपक्याकडे बघायचा. मग बॉनेटच्या काठाशी बसवलेला अंगठ्याएवढा खटका त्यानं बोटानं दाबून सोडला. एकदा, दोनदा, पाचदा. डोळे मिटून. छोटी त्या बोटाकडे बघत होती. शीर चाचपताना तिचंही बोट असंच थांबत असे.

“हाच,” तो म्हणाला. “गंजलाय. बॉनेट बंद असलं तरी हा अधूनमधून सांगतो, उघडलंय, उघडलंय. मग ती बिचारी ओरडते. तिचा काय दोष? तिला खबर देणाराच खोटा.”

पेटीतून त्यानं नवा खटका काढला. टोकाला बारीक दिवा असलेली तार लावून वीज येते का बघितलं, दोन वायरी सोलल्या, जोडल्या, वर काळी पट्टी गुंडाळली. काम करताकरता, मान वर न करता म्हणाला, “मी त्यांच्याशी बोललो होतो. त्या दिवशी सकाळी.”

“माहीत आहे,” छोटी म्हणाली. मग आठवून मोठ्यानं, “माहीत आहे! काय म्हणाली?”

“मला निम्मंच ऐकू येतं, आधीच सांगतो. जेवढं ऐकलं तेवढं सांगतो, पदरचं घालणार नाही.” त्यानं पक्कड खाली ठेवली. “म्हणाल्या, गाडी पुन्हा अधूनमधून बोंबलतेय, बघून जा. मी म्हटलं, बाराला येतो. तर म्हणाल्या, छातीत जळजळतंय, जरा दवाखान्यात दाखवून येते, बारापर्यंत परत येते. मी म्हटलं, गाडी नेऊ नका, वाटेत भोंगा लागला तर पंचाईत. त्यावर हसल्या. म्हणाल्या, लागू दे, रस्ता तरी मोकळा मिळेल.”

“हसली?”

“मोठ्यानं हसल्या. ते मला स्वच्छ ऐकू आलं.”

“आणखी?”

“आणखी...” तो डोकं खाजवत राहिला. “बहिणीचं काहीतरी म्हणाल्या. बहिणीला विचारते, ती त्यातलीच आहे. का बहिणीला सांगते म्हणाल्या? विचारते की सांगते, ते नाही आलं नीट ऐकू.” त्यानं छोटीकडे पाहिलं. “तुम्हीच ना त्या?”

“मीच.”

“मग विचारलं का?”

छोटीनं नाही अशी मान हलवली. त्यानं ती नीट पाहिली. पक्कड उचलली.

“मी तुमच्या ताईंना त्या दिवशी नको नको ते बोललो,” तो वायरींकडे बघत म्हणाला. “मनात. जिना उतरताना. बोलावतात नि कुलूप लावून जातात, म्हटलं, यांना माणसाच्या वेळेची किंमत नाही. दोन महिने राग धरून होतो. फोन वाजला तेव्हाही रागातच उचलला.”

“तुम्हाला काय माहीत?”

“हो ना,” तो म्हणाला. “कोणालाच काय माहीत.”

खटका बसल्यावर त्यानं छोटीला आत बसायला सांगितलं. चावी फिरवायची, ब्रेक दाबायचा, तो सांगेल तेव्हा दार उघडून लावायचं. छोटी ताईच्या जागेवर बसायला गेली आणि गुडघे स्टिअरिंगला अडले. ताई बुटकी, तिची सीट पार पुढे ओढलेली, पाठ ताठ, वर पाठीशी एक चपटी उशी. छोटी कशीबशी तिरकी बसली.

“असं बसून ब्रेक नाही दाबता यायचा!” तो बाहेरून ओरडला. “खाली दांडी आहे, ओढा आणि मागं सरका!”

छोटीचा हात सीटखाली गेला. दांडी सापडली. ओढली तर सीट सरकणार होती आणि मग ती नेमकी कुठं होती हे कोणाला सांगता येणार नव्हतं. तिनं हे सगळं अगदी स्वच्छपणे पाहिलं, दुसऱ्याच्या रिपोर्टमधला आकडा वाचावा तसं. मग दांडी ओढली. सीट कटकट करत मागे गेली. तिचे पाय नीट पोचले.

“दाबा!” तो म्हणाला. तिनं ब्रेक दाबला. “चावी!” तिनं चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. “आता बंद. उतरा. दार लावा. थांबू.”

दोघं गाडीपाशी उभी राहिली. त्यानं बॉनेटवर थाप मारली, टायरला लाथ मारली, स्कूटरचा हॉर्न वाजवला. मास्तर पेपर मांडीवर घेऊन बघत होते. दुसऱ्या मजल्यावरची बाळाची आईही खिडकीत आली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गाडी गप्प होती.

“झालं,” तो म्हणाला. “आठवड्यातून एकदा कोणीतरी चालू करा हिला. उभ्या गाडीचं सगळंच बिघडतं.” पेटी स्कूटरवर ठेवून तो जायला निघाला, आणि मग मशीनच्या कानावर हात ठेवून थांबला. “त्यांचं नाव मी फोनमधून काढत नाही. राहू दे. चालेल ना?”

“चालेल,” छोटी म्हणाली. त्याला ऐकू आलं की नाही कळलं नाही, पण त्यानं मान हलवली.

वर भावजींचं ताट तसंच होतं, अर्धं जेवलेलं. त्यांनी कानातले बोळे काढून टेबलावर ठेवले होते.

“थांबली?”

“थांबली. एक खटका गंजला होता.” छोटी समोर बसली. मग तिनं सांगितलं. सहा मिनिटांचा फोन, बारा वाजता येतो, छातीत जळजळ, रस्ता तरी मोकळा मिळेल, आणि हसली. भावजी तिच्या ओठांकडे बघत होते.

“पुन्हा सांग.”

तिनं पुन्हा सांगितलं, त्याच क्रमानं.

“मी आंघोळीला होतो,” भावजी म्हणाले. “दाराबाहेरून म्हणाली, जरा जाऊन येते. मी म्हटलं, बरं. कुठं, कशाला, काही विचारलं नाही. नुसतं बरं म्हटलं, छोटी. ती आणखी काय म्हणाली त्या माणसाला? शेवटचं एकदा सांग.”

छोटीनं तिसऱ्यांदा सांगितलं. जळजळ, बाराला परत येते, भोंगा लागू दे, मोठ्यानं हसली. ते ऐकत होते. त्यांची बोटं शर्टाच्या चुकलेल्या बटणावर होती.

“आणि म्हणाली,” छोटी म्हणाली, “हे आंघोळीला गेलेत, त्यांना उगाच काळजीत टाकत नाही.”

भावजींचा चेहरा हळूहळू मोडला. मग त्यांनी दोन्ही हातांनी तो झाकला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. असं ते पहिल्यांदाच रडत होते. छोटीनं उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट पाठीवर ओला आणि गरम होता, हे तिला हाताला कळलं. खाली कोणीतरी स्कूटर लावली, दोन माणसं बोलत गेली, एक दार धाडकन लागलं. ती तशीच उभी राहिली. मग त्यांचं ताट उचलून आत नेलं आणि भात गरम करायला ठेवला.